बांधकामाचा कर्बहिशेब कोण लिहिणार?

(बांधकाम कामगार, लहान कंत्राटदार आणि स्थापत्य अभियंते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इमारतीच्या संपूर्ण आयुष्यातील कर्बवायूचे मूल्यमापन हा आजचा विषय. नाव अवजड आहे. गवंडी, सेंटरिंगवाले, फिटर आणि बिगारी यांच्यापुढे तो कशासाठी, असे कुणालाही वाटेल. ज्यांची पोरेबाळे साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत पावसाळा काढतात त्यांना हवामानाच्या गोष्टी सांगू नका, असेही कुणी म्हणेल. परंतु हा विषय हवामानाइतकाच रोजीचाही आहे. कोणत्या इमारतीला परवानगी मिळेल, कोणते सिमेंट खपेल, कोणती वीटभट्टी बंद पडेल, कोणती चाळ पाडली जाईल आणि कोणती दुरुस्त होईल, हे उद्या या हिशेबावर ठरू लागणार आहे. आपली रोजी ज्या हिशेबावर ठरते तो हिशेब दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, हे मुकादमाच्या वहीत ज्याने आपली हजेरी शोधली आहे त्याला मी समजावून सांगण्याची गरज नाही.

इमारतीचा कर्बवायू म्हटले की आजवर विजेचाच विचार होत आला. दिवे, पंखे, लिफ्ट, वातानुकूलन यांचे बिल कमी करा, म्हणजे काम झाले, अशी समजूत होती. वस्तुतः घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच त्या घराच्या नावावर मोठे देणे चढलेले असते. शुद्ध चुनखडक शंभर किलो भाजला की त्या दगडातूनच ४४ किलो कर्बवायू बाहेर पडतो. भट्टी कोळशावर चालवा वा अन्य कशावर, रसायनशास्त्राचा हा नियम चुकत नाही. कोळशाचा धूर त्याच्या जोडीला वेगळा. पोलादाची गोष्ट याहून बरी नाही. कोळशावर चालणाऱ्या कारखान्यात एक टन पोलादामागे दोन ते अडीच टन कर्बवायू हवेत जातो. आपण रोज ओततो त्या सळईच्या काँक्रीटचे गणित बोटांवर करून पाहा. एका घनमीटरात साधारण ३३० किलो सिमेंट आणि १०० किलो सळई धरली, तर साध्या सिमेंटचे तीनशेच्या आसपास आणि पोलादाचे अडीचशेच्या आसपास, असे मिळून पाचशे किलोंहून अधिक कर्बवायूचे ओझे त्या एका घनमीटरावर बसते. खडी, वाहतूक, पंप, सेंटरिंगचे लाकूड हे अजून धरलेलेच नाही. जगातील एकूण कर्बवायूपैकी एक तृतीयांशाहून अधिक वाटा इमारती आणि त्यांच्या बांधकामाचा आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे अहवाल सांगतात, ते यामुळेच.

संपूर्ण आयुष्याचा हिशेब म्हणजे हे सारे एका वहीत आणणे. युरोपीय मानकाने या आयुष्याचे टप्पे पाडले आहेत. ‘ए’ म्हणजे खाणीपासून साइटवरच्या शेवटच्या घमेल्यापर्यंत, ‘बी’ म्हणजे वापर, डागडुजी आणि बदल, ‘सी’ म्हणजे पाडकाम आणि राडारोडा. आणि ‘डी’ म्हणजे पाडल्यावर जे पुन्हा कामी येईल त्याची वेगळी नोंद. ही विभागणी सोपी आहे. अवघड आहे ते प्रत्येक टप्प्यासाठी खरा आकडा मिळवणे.

हे नियम कागदावरचे राहिलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये नव्या घरांच्या आणि कार्यालयांच्या पर्यावरणीय भाराची मोजणी २०१३ पासून सक्तीची झाली. कमाल मर्यादा आली ती २०१८ साली. म्हणजे पाच वर्षे नुसते मोजा, दंड नाही. डेन्मार्कने याहून शहाणपणाने पावले टाकली. तेथील सरकारी संशोधन संस्थेने आधी मोजणीचे साधन तयार करून ते फुकट वाटले. त्यानंतर ऐच्छिक वर्ग आला आणि २०२३ पासून सर्व नव्या इमारतींना मोजणी बंधनकारक झाली. १,००० चौरस मीटरवरील इमारतींना दर चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो ही मर्यादा लागली. १ जुलै २०२५ पासून ती सरासरी ७.१ किलोंवर आणली गेली आणि लहान इमारतीही तिच्या कक्षेत आल्या. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार २०२८ पासून १,००० चौरस मीटरवरील आणि २०३० पासून सर्व नव्या इमारतींचा हा आकडा जाहीर करावा लागेल.

फ्रान्सच्या नियमातील एक युक्ती मला विशेष उद्‌बोधक वाटते. हा नियम २०२२ च्या आरंभी घरांना लागू झाला. एखाद्या मालाचा आकडा कारखानदाराने जाहीर केला नसेल तर तेथे सरकारने ठरवलेला आकडा धरतात आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. आकडा लपवणाऱ्याचा माल आपोआप वाईट ठरतो. कारखानदाराला गयावया करून माहिती मागावी लागत नाही. तो स्वतःच ती घेऊन धावत येतो.

आकडे एकाच बाजूच्या हाती राहिले तर काय होते, हे लंडनमध्ये दिसले. तेथील २०२१ च्या नगरयोजनेने मोठ्या प्रकल्पांना संपूर्ण आयुष्याचे मूल्यमापन सक्तीचे केले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीचे जुने दुकान पाडून तेथे नवी इमारत उभारण्याचा वाद त्याच काळात पेटला. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आकडे घेऊन उभे राहिले. एक म्हणे पाडून बांधणे दीर्घकाळात कमी कर्बाचे, दुसरा म्हणे आहे ते सुधारणे कमी कर्बाचे. जुलै २०२३ मध्ये मंत्र्यांनी परवानगी नाकारली, मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या मंत्र्यांनी परवानगी दिली. यातून मोजणी निरर्थक आहे असा निष्कर्ष कुणी काढील तर तो चुकेल. परंतु मोजण्याची रीत, गृहीत धरलेली वर्षे आणि मूळ आकडे सर्वांसाठी समान आणि खुले नसतील, तर ज्याला मोठा सल्लागार परवडतो त्याचे उत्तर बरोबर ठरण्याचा धोका फार मोठा असतो.

आता आपल्याकडे पाहू. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि इमारतींच्या संहितेत ऊर्जेबरोबर शाश्वततेचाही उल्लेख आला. कर्ब पतव्यापाराची योजना २०२३ साली अधिसूचित झाली आणि २०२५ साली सिमेंट कारखान्यांना लक्ष्ये ठरवून देण्यात आली. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कर्बवायू असेल तर ते हरित. या सगळ्या गोष्टी कारखान्याच्या फाटकापर्यंत येऊन थांबतात. त्या फाटकातून निघालेली गोणी कोणत्या इमारतीत किती गेली आणि ती इमारत किती वर्षे उभी राहिली, हे कुणी विचारत नाही. दुसरीकडे युरोपला पोलाद विकणाऱ्या आपल्या कारखान्यांना ऑक्टोबर २०२३ पासून मालामागचा कर्ब तेथील आयातदारांमार्फत कळवावा लागतो आहे. ब्रुसेल्सच्या कचेरीला जो आकडा मिळतो तो आपल्या जिल्ह्याच्या कार्यकारी अभियंत्याला का मिळू नये, याचे समर्पक उत्तर अद्याप कुणी दिलेले नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि सभागृहातील अभियंते मित्रांनी ती तपासून पाहावी. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. प्रत्येक बाबीचे वर्णन, एकक आणि दर. अंदाजपत्रक म्हणजे परिमाण गुणिले दर. त्या दराच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: दर एककामागे कर्बवायू किती किलो. कनिष्ठ अभियंता ज्या हाताने रुपये काढतो त्याच हाताने किलो काढील. काम झाल्यावर मोजमाप पुस्तकात प्रत्यक्ष परिमाण चढतेच, म्हणजे अंदाजाची पडताळणीही तेथेच होईल. यासाठी परदेशी सल्लागार नको आणि महागडे संगणकीय साधनही नको. ‘ए’ टप्प्याचा, म्हणजे देण्याच्या सर्वांत मोठ्या तुकड्याचा, हिशेब या रकान्याने बहुतांशी सुटतो. आरंभ सरकारी कामांपासून व्हावा: शाळाखोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे, म्हाडाची घरे, पोलीस वसाहती. पहिली काही वर्षे कोणतीही मर्यादा नको. आकडे मात्र निविदेबरोबर जाहीर व्हावेत. आणि फ्रान्सप्रमाणे, ज्या कंपनीने आपल्या गोणीचा वा सळईचा तपासलेला आकडा दिला नसेल तिच्यासाठी चढा आकडा धरावा.

लहान कंत्राटदारांची भीती मला ठाऊक आहे. ते म्हणतात, ‘आणखी एक दाखला, आणखी एक टेबल, आणखी एक हात ओला करणे.’ ही भीती खोटी नाही. हा हिशेब खाजगी प्रमाणपत्रांच्या मार्गाने आला तर नेमके तसेच होईल. मोठा विकसक लाखो रुपये मोजून प्रवेशद्वाराशी हिरवी पाटी लावील आणि चार गाळ्यांचे काम करणारा माणूस स्पर्धेतून बाद होईल. दरसूचीतील रकाना मात्र सर्वांना एकच. म्हणूनच तो सरकारने लिहावा असा माझा आग्रह आहे.

परंतु रकाना आखला म्हणजे न्याय झाला असे नाही. आकड्यांत लबाडीला जागा कोठे आहे हे आधीच ओळखून ठेवले पाहिजे, आणि सर्वांत मोठी जागा आहे ती वर्षांत. डेन्मार्कमध्ये इमारतीचा कर्ब ५० वर्षांवर विभागतात, इंग्लंडमध्ये ६०. समजा, एका इमारतीच्या साहित्याचा भार चौरस मीटरला ४०० किलो आहे. पन्नासांनी भागले की वर्षाला ८ किलो. पण मुंबईत तीस वर्षे झाली की गृहनिर्माण संस्थेची इमारत पुनर्विकासाला पात्र ठरते आणि वाढीव चटईक्षेत्राचा हिशेब मांडत विकसक दाराशी उभा राहतो. तिसाव्या वर्षी पाडलेल्या इमारतीचा तोच भार वर्षाला १३ किलोंच्या वर जातो. कागदावर पन्नास आणि जमिनीवर तीस, असा हा व्यवहार चालू द्यायचा काय? आपल्याकडे वर्षे ठरवताना इमारतींचे प्रत्यक्ष आयुष्य पाहिले पाहिजे, आणि मुदतीपूर्वी पाडणाऱ्याच्या नव्या इमारतीच्या खात्यावर जुन्या इमारतीचे उरलेले देणे चढवले पाहिजे.

दुसरी जागा चौरस मीटरमागच्या मापात आहे. दोन माणसांसाठी दोन हजार चौरस फुटांचे घर आणि पाच माणसांसाठी तीनशे चौरस फुटांचे घर यांत दर चौरस मीटरचा आकडा पाहिला तर लहान घर वाईट ठरते! कारण मोरी, संडास, स्वयंपाकघर, नळ आणि भिंती त्या थोड्या जागेत दाटलेल्या असतात, तर मोठ्या घरात तोच भार मोकळ्या दिवाणखान्यावर पसरतो. फ्रान्सने घरांच्या सरासरी आकारानुसार मर्यादेत फरक ठेवला आहे, तो या कारणाने. आपण त्याही पुढे जाऊन दर माणशी आकडा मागितला पाहिजे. उंच मनोऱ्यांचे तसेच. जसजशी उंची वाढते तसतसे वाऱ्याला आणि भूकंपाला तोंड देण्यासाठी दर चौरस मीटरमागे सळई-काँक्रीट अधिक लागते. आणि त्या मनोऱ्याखाली मोटारींसाठी सहा-सात मजल्यांचा पोडियम असेल, तर त्याचे क्षेत्रफळ भाजकात मिळवून आकडा सौम्य करण्याचा मोह होणारच. मोटारीच्या बिछान्याचा कर्ब माणसाच्या घराच्या क्षेत्रफळात विरघळवू देऊ नये, एवढे तरी नियमात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे.

येथे मी एका नाजूक मुद्द्याशी येतो, आणि तेथे आपल्याच काही सहकाऱ्यांशी माझा मतभेद आहे. कमीत कमी कर्बाची इमारत म्हणजे आधीच उभी असलेली इमारत, हे तत्त्व बरोबर आहे. मुंबईत जुन्या भाड्याच्या इमारतींची दुरुस्ती हे एके काळी शासनाचे धोरण होते. त्यासाठी १९६९ साली कायदा झाला, उपकर लावला गेला, मंडळ नेमले गेले. पुढे दुरुस्तीच्या जागी चटईक्षेत्राचे आमिष आले. दुरुस्तीत कुणाचा नफा नव्हता आणि पाडण्यात अमाप होता, एवढ्या कारणाने टिकू शकणाऱ्या इमारतीही धोकादायक होईपर्यंत सडू दिल्या गेल्या. कर्बहिशेबाने दुरुस्तीला पुन्हा प्रतिष्ठा मिळेल तर आपण तिचे स्वागतच करू.

पण म्हणून वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळी पाडू नयेत असे कुणी कर्बाच्या नावाने सांगू लागला तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या आहेत. शौचालय मजल्याच्या टोकाला. त्या माणसांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते तो कर्ब आवश्यक कर्ब आहे. ज्यांच्या वाट्याला आजवर सिमेंटची गोणीच आली नाही त्यांना काटकसर शिकवायची, आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या मनोऱ्याला हरित म्हणायचे, हा न्याय आपल्याला मान्य नाही. त्याच प्रकल्पात भाडेकरूंच्या घरांमागे विक्रीसाठी जे मनोरे उठतात त्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडून मागितला पाहिजे. एकाच्या गरजेच्या आडोशाला दुसऱ्याचा नफा लपता कामा नये.

आता कामगारांविषयी. तज्ज्ञांच्या पुस्तकांत कर्ब ठरतो तो आरेखनाच्या मेजावर. माझे म्हणणे असे, की तो स्लॅबवरही तेवढाच ठरतो. राख वा धातुमळी मिसळलेले सिमेंट वापरले की कर्ब उतरतो. तीस टक्के राख असेल तर सिमेंटच्या वाट्यातला साधारण पाव भाग वाचतो. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडक मिसळून केलेल्या सिमेंटलाही २०२३ साली भारतीय मानक मिळाले आहे. परंतु मिश्र सिमेंट सावकाश बळ धरते. भारतीय मानक सांगते, की साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटलाही चौदा दिवस ठेवायचे असतात. प्रत्यक्षात काय होते ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. टँकरचे पाणी महाग, सेंटरिंग पुढच्या मजल्याला हवे, हप्ता स्लॅबवर अडकलेला. पाणी मारणारी बाई तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला लावली जाते. मग पंधरा वर्षांत कव्हर फुटते, सळई गंजते आणि साठ वर्षांची म्हणून मोजलेली इमारत तिशीतच म्हातारी होते. त्या बाईच्या सात दिवसांच्या मजुरीत जे वाचवले, ते सगळे सिमेंट आणि सगळे पोलाद पुन्हा एकदा भट्टीत घालून भरून द्यावे लागते. कोणत्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात तिची नोंद मला आढळली नाही.

वीटभट्ट्यांचा प्रश्न असाच. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन भट्टीवर जातात. भाजलेल्या विटेचा आकडा वाईट येईल आणि तिच्या जागी कारखान्यातले हलके ठोकळे येतील, असे दिसते. त्या ठोकळ्यांतही सिमेंट आणि चुना असतो, ते वाफेवर शिजवावे लागतात, हे विसरून चालणार नाही. तरी बदल होईल हे धरून चालू. मग त्या कुटुंबाच्या सहा महिन्यांच्या रोजीचे काय? उचलीचे बंधन तुटले तर कुणाला दुःख होणार नाही, पण बंधनाबरोबर भाकरीही तुटली तर तो कर्बमुक्तीचा विजय कुणाचा म्हणायचा? नियमाच्या तारखा ठरण्यापूर्वी याची तरतूद झाली पाहिजे, नंतर नव्हे.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. पैसा आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर कामगार कल्याणाचा उपकर बसवला. महाराष्ट्रात तो एक टक्का आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो टिकला आहे. त्याला हात लावा असे मी म्हणत नाही. तो कामगाराच्या आजारपणाचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि अपघाताचा पैसा आहे. हवामानाच्या नावाखाली तो वळवण्याचा प्रयत्न झाला तर आपण तो हाणून पाडला पाहिजे. परंतु कायद्याने प्रशिक्षण हा त्या कल्याणाचाच भाग मानता येतो. मिश्र सिमेंटची हाताळणी, पाणी मारण्याची रीत, जुने बांधकाम न फोडता सोडवून सळई, लाकूड, फरशी, खिडक्या पुन्हा कामी येतील अशा बेताने उतरवणे, ही कौशल्ये नाक्यावरच्या माणसाला रोजी बुडू न देता शिकवली गेली पाहिजेत. म्हणजे प्रशिक्षणाच्या दिवसांचा रोज द्यावा लागेल. पाडकामाचे शहाणपण आज भंगारवाल्यांकडे आणि पाडकाम करणाऱ्या मजुरांकडे आहे. राडारोड्याच्या २०२५ च्या नव्या नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी मोठ्या प्रकल्पांवर टाकली आहे. त्या कामात या माणसांना स्थान देण्याऐवजी यंत्रे लावून त्यांना हाकलले जाईल, ही शक्यता डोळ्यांआड करू नये.

ठरावाचा मसुदा आपल्या हाती आहे. पहिले कलम दरसूचीतील रकान्याविषयी आहे, दुसरे दर माणशी मापाविषयी. तिसरे कलम असे, की स्लॅब ओतल्याची, पाणी मारणे बंद केल्याची आणि टेकू काढल्याची तारीख मोजमाप पुस्तकात लिहिली जावी आणि तिच्याखाली अभियंत्याच्या सहीबरोबर साइटवरील कामगारांनी निवडलेल्या एका प्रतिनिधीची सही वा अंगठा असावा. या तिसऱ्या कलमाला कंत्राटदार मित्रांचा विरोध आहे, बिले अडतील असे ते म्हणतात. त्यांनी आता उठून आपले म्हणणे मांडावे. सेंटरिंगवाल्यांपैकीही दोघांनी त्यानंतर बोलावे, आणि मग ठराव मताला टाकावा अशी अध्यक्षांना विनंती आहे.